पूर्वेला तोंड करून

केतकीचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत बसले होते. दिवाळीचे पाहुणे आदल्याच दिवशी गेले होते, घर कसं रिकामं रिकामं वाटत होतं. "काकू, बाबा गेले," एवढंच ती म्हणाली. सकाळी फिरून आले, चहा मागितला आणि चहा होईपर्यंत सगळं संपलं. मी मेथीची जुडी तशीच हातात धरून अरुणरावांकडे पाहत राहिले. अरुणराव म्हणजे माझे यजमान. सुधाकर त्यांचा पहिलीपासूनचा मित्र, केतकी त्याची मुलगी. आणि खरं सांगते, त्या क्षणी माझ्या मनात पहिला विचार कुठला आला असेल, तर तो स्वतःचाच. आपला फोटो राहिला... सुधाकर गेला आणि मला फोटो आठवला! त्याची लाज मला पुढं कित्येक दिवस वाटत राहिली.

फोटोची गोष्ट तेहतीस वर्षांपूर्वीची. आमचं लग्न शहराबाहेर बेसाला माझ्या माहेरच्या अंगणात लागलं. तेव्हा बेसा म्हणजे निव्वळ शेतं, संध्याकाळनंतर रिक्षावाले यायला तयार नसत. मार्गशीर्ष महिना, दुपारी चारचा मुहूर्त. फोटो काढायला सुधाकर होता. विशीतलं पोर, नवाकोरा कॅमेरा आणि आयुष्यातलं पहिलं लग्न. मंगलाष्टकं झाली, दोन खुर्च्या मांडल्या, आणि माझे आजोबा काठी टेकत पुढं आले. "नवरानवरीचं तोंड पूर्वेलेच पाहिजे," त्यांनी फर्मावलं. सुधाकर चाचरत म्हणाला, "आजोबा, सूर्य पाठीमागं येऊन राहिला..." "येऊ दे! सूर्याले पाहून लग्न लावलं का आपण?" पुढं बोलायची त्याची छाती नव्हती. त्यात फ्लॅशनं ऐनवेळी मान टाकली. पंधरा दिवसांनी प्रिंट आले. मुंडावळ्या सोन्यासारख्या चमकताहेत, शालूचा काठ उजळलाय, आणि दोन्ही चेहऱ्यांच्या जागी काळे ठिक्कर गोळे. सासूबाईंनी फोटो उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "यातली आपली सून कोणती?"

मी तेव्हाही तापटच होते. सुधाकर दारात उभा राहून माफी मागत होता, स्टुडिओत नेऊन फुकट फोटो काढतो म्हणत होता, आणि मी त्याला ताडकन सांगितलं, "माझं लग्न स्टुडिओत नाही लागलं. काढायचा तर त्याच अंगणात, त्याच तारखेला, दिवस मावळायच्या आत, आणि पूर्वेला तोंड करून. फ्लॅश नको, तोंडावर उजेड फेकायला थर्माकोलचा पांढरा तक्ता नको, सूर्याच्याच उजेडात. आणि चेहरे दिसले पाहिजेत!" रागाच्या भरात माणूस काहीही बोलतो. दोन महिन्यांत माझा राग गेला, सुधाकर घरी जेवायला येऊ लागला, पुढं त्याच्या बायकोशी माझं मेतकूट जमलं. पण तो ते शब्द विसरला नाही. "वहिनी, तुमचा फोटो माह्याकडे बाकी हाये," असं दरवर्षी मार्गशीर्षात म्हणायचा. मी हसून टाळायचे. "राहू दे, माफ केलं," असं एकदा म्हटलं असतं तर विषय संपला असता. पण मला ती गंमत हवीहवीशी वाटायची. शिवाय थोडा हट्टही होताच, खोटं कशाला बोलू?

त्या एका रोलनं सुधाकरला सूर्याच्या मागं लावलं. सीताबर्डीच्या गल्लीत त्याचा स्टुडिओ होता, पण शहरातले बाकीचे लोक लाइट लावून फोटो काढत तेव्हा हा माणसांना उजेडात घेऊन जायचा. आधी भिंतीवरच्या कॅलेंडरमधल्या सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा पाहायचा, खिशात होकायंत्र असायचं. हात लांब करून क्षितिज आणि सूर्य यांच्यामध्ये बोटं आडवी धरायचा. एक बोट म्हणजे पाव तास. चार बोटं उरली की सामान बांधायला घ्यायचं. रस्त्यात स्कूटर थांबवून तो असा हात लांब करायचा तेव्हा लोकांना वाटे, कुणाला तरी थांबवतोय. मग केतकी मिहानमधल्या एका कंपनीत नोकरीला लागली आणि पहिल्या पगारानंतर तिनं बापाच्या फोनमध्ये एक अ‍ॅप टाकून दिलं. जागा निवडायची, तारीख टाकायची, फोन आभाळाकडे धरायचा... पडद्यावर सूर्याची अख्खी वाट उमटते, तिच्यावर तास मांडलेले. सुधाकर त्या दिवशी स्टुडिओ बंद करून आमच्याकडे आला होता. "वहिनी, पाहा! पुढच्या वर्षीचा सूर्य आत्ता दिसून राहिला!" मग गॅलरीत उभं राहून त्यानं अ‍ॅपची आणि आपल्या बोटांची शर्यत लावली. पाच मिनिटांचा फरक पडला. तो म्हणाला, बोटं जाड झाली.

त्यानंतर लोक लग्नाची तारीख काढायला गुरुजींकडे जात आणि फोटोची वेळ काढायला सुधाकरकडे. नवरीला पार्लरमध्ये उशीर झाला की हा कासावीस व्हायचा. "काहून उशीर करता बाप्पा? तो थांबत नसते!" एकदा मात्र तो स्वतःच फसला. फोनवर पाहून एका जोडप्याला बेसाजवळच्या मोकळ्या जागेवर घेऊन गेला, तर मधल्या काळात तिथं पाच मजली फ्लॅट-स्कीम उभी राहिलेली. सूर्य वेळेवरच होता, पण बिल्डिंगच्या पलीकडे. "अ‍ॅपले सूर्य समजते, बिल्डर नाही समजत," तो मला सांगत होता आणि स्वतःच हसत होता. तेव्हापासून फोनवर पाहिलेली प्रत्येक जागा आधी स्वतः उभं राहून तपासायची, हा त्याचा नियमच झाला.

आमचं अंगणही तोवर राहिलं नव्हतं. भावानं जागा बिल्डरला दिली, बदल्यात दोन फ्लॅट मिळाले, आणि आमच्या खुर्च्या मांडल्या होत्या तिथं आता पार्किंग आहे. गेल्या उन्हाळ्यात सुधाकर सहज म्हणून गेला, "यंदा काढू वहिनी. जमून राहिलं." मी लक्ष दिलं नाही.

तेराव्यानंतर काही दिवसांनी केतकी घरी आली. बापाच्या डायरीचं एक पान तिनं माझ्यापुढं धरलं. आमच्या लग्नाची तारीख, चार वाजून वीस मिनिटं, खाली लिहिलेलं, ‘पार्किंग, तिसऱ्या खांबाजवळ. दोघांचं तोंड पूर्वेला. सात मिनिटं. हलायचं नाही.’ मग म्हणाली, "काकू, मी अ‍ॅपवर पाहिलं. त्या वेळी सूर्य पश्चिमेला, तुमच्या पाठीमागं असणार. तिथं तर मागची बिल्डिंगही आडवी येते. बाबांनी पुन्हा तीच चूक केली आहे का?" बाप गेल्याचं दुःख ती कसंबसं पेलत होती, पण बाप इतका थकला होता, चुकत होता आणि आपल्याला कळलंही नाही, हे तिला पेलवत नव्हतं. मी म्हटलं, राहू दे, नाही काढायचा फोटो. मला तिथं उभं राहून त्याची चूक पाहायची नव्हती. त्या चुकीच्या मुळाशी माझाच हट्ट होता ना! अरुणराव एरवी माझ्यापुढं बोलत नाहीत. त्या दिवशी म्हणाले, "त्यानं लिहिलंय तर आपण जायचं. फोटो येवो न येवो."

गेलो. मी तोच शालू नेसले होते. पार्किंगमध्ये दाट सावली होती, थंडी वाजत होती, आणि स्कूटर काढायला आलेली माणसं आमच्याकडे टकामका पाहत होती. चार वाजून दहा झाले, पंधरा झाले. तिसऱ्या खांबाजवळ आम्ही पूर्वेला तोंड करून उभे राहिलो. केतकी कॅमेऱ्यामागं होती, तिचे ओठ घट्ट मिटलेले. अठरा... काहीच नाही. मी अरुणरावांना म्हणणार, चला आता, तेवढ्यात माझ्या डोळ्यांत काहीतरी लखकन शिरलं. समोर पूर्वेला नवीन बिल्डिंग आहे, तिच्या जिन्याला वरपासून खालपर्यंत काच लावलेली. मावळतीकडचा सूर्य मागच्या बिल्डिंगच्या डोक्यावरून त्या काचेवर पडला होता आणि तिथून उलटा फिरून थेट आमच्या तोंडावर येत होता. पूर्वेकडून! ऊब कळत होती गालांना. "हलू नका!" केतकी ओरडली, थेट बापाच्या आवाजात. ती रडत होती आणि फोटो काढत होती. मीही रडत होते, हलत मात्र नव्हते. सात मिनिटांनी पुन्हा सावली झाली.

मग तिथला चौकीदार पुढं आला. "जानेवारीत एक साहेब येऊन अशेच उभे राहत होते. चार दिवस आले," तो म्हणाला. केतकीनं लगेच हिशेब लावला. डिसेंबरात सूर्य जिथं असतो, तिथंच तो जानेवारीत परत येतो, घड्याळात दहा-बारा मिनिटं इकडेतिकडे. बाबा मार्गशीर्षाची वाट न पाहता आधीच तपासून गेले होते! चौकीदार म्हणाला, "एक दिवस मलेच फोन देऊन म्हणाले, काढ गा माहा फोटो."

तो फोटो सुधाकरच्या फोनमध्ये सापडला. आयुष्यभर दुसऱ्यांचे फोटो काढणाऱ्या माणसाचा घरात धड एक फोटो नव्हता. तेराव्याला लायसनवरचा मोठा करून लावला होता, त्यात तो गुन्हेगारासारखा दिसत होता. या फोटोत मात्र तो तिसऱ्या खांबाजवळ उभा आहे, तोंडभर ऊन, डोळे बारीक केलेले, आणि खदखदून हसतोय. शेजारी, माझ्या जागी, त्यानं चौकीदाराचा लांब दांड्याचा झाडू उभा धरलाय, वरचं टोक बरोबर माझ्या उंचीइतकं. उजेड माझ्या तोंडापर्यंत पोचतो का, ते पाहायला. मी आधी चिडले. तेहतीस वर्षांची ओळख, आणि माझ्या जागी झाडू! मग इतकी हसले, इतकी हसले की केतकीला माझ्या पाठीवरून हात फिरवावा लागला.

आता स्टुडिओत चेहरे लख्ख दिसणारा आमचा आणि झाडूवाला त्याचा, असे दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावलेत. शनिवार-रविवार स्टुडिओ केतकीच उघडते. येणारे-जाणारे आधी झाडूचं विचारतात. ती त्यांना सांगते, "त्या आमच्या काकू."