नावांचा डबा

नानांना आमच्या भागातलं जवळजवळ सगळं माहीत होतं, आणि इतक्या वर्षांत त्यांनी मला एकाही प्रश्नाचं सरळ उत्तर दिलं नाही. काही विचारलं की ते खांद्यावरच्या पिशवीतून पत्त्यांचा गठ्ठा काढायचे, चष्मा कपाळावर सरकवायचे आणि एक पत्ता माझ्या हातात ठेवायचे. त्यावर माझाच प्रश्न लिहिलेला असायचा. मी उत्सुकतेनं पत्ता उलटायचे. मागे फक्त एक नाव आणि एक गल्ली.

"मागे उत्तर नही, माणूस शे," ते म्हणायचे. वर्गात शुद्ध बोलणारे नाना पत्त्यांविषयी बोलताना मात्र घरच्या अहिराणीत यायचे.

शिरपूरच्या आमच्या शाळेत ते भूगोल शिकवायचे. गावात त्यांना पत्तेवाले नाना म्हणत. नव्यानं बदलून आलेल्या हेडमास्तरांनी हे नाव ऐकलं आणि काही दिवस ते नानांकडे संशयानं बघत राहिले. शेवटी त्यांनी शिपायाला हळूच विचारलं, "किती हरतात हो?" ही गोष्ट नाना स्वतःच सगळ्यांना सांगायचे. पत्ते ते साड्यांच्या खोक्यांच्या पुठ्ठ्याचे करायचे. कापड दुकानदार त्यांच्यासाठी फाटकी खोकी बाजूला ठेवायचा. नाना शाळेच्या कात्रीनं ती कापायचे आणि कोपरे गोल करायचे. पोरांच्या हाताला टोचू नयेत म्हणून.

मी तेव्हा पुस्तकात डोकं घालून बसणारी मुलगी होते. घरी पाहुणे आले की मागच्या दारानं शेजारी जाऊन बसायची. नानांनी हे बरोबर हेरलं असावं, कारण मला पहिलाच पत्ता मिळाला तो सगळ्यांत तोंडाळ बाईचा. प्रश्न होता, कळण्याच्या पिठात ज्वारी किती आणि उडीद किती? मागे जनाअक्कांचं नाव.

जनाअक्का ओट्यावर धान्य पाखडत होत्या. माझं चाचरत बोलणं ऐकून त्यांनी सूप खाली ठेवलं. "इतलीशी पोर धाडी दिन्ही. नाना सोता काब्रं नही उना? लाज वाटस का त्याले?" नाना स्वतः का आले नाहीत म्हणून बडबडतच त्यांनी मला आत नेलं, डब्यात हात घालायला लावला आणि पीठ चिमटीत धरून दाखवलं. तेवढ्यात शेजारची बाई आली आणि तिनं प्रमाण वेगळं सांगितलं. दोघी अशा कडाकडा भांडल्या की गल्ली गोळा झाली.

मी घाबरून नानांना सांगितलं की उत्तर मिळालं नाही, भांडण झालं. नाना खूश! "दोघींची नावं लिही. भांडण झालं म्हणजे प्रश्न चांगला शे."

शनिवारी शाळा सुटल्यावर पिंपळाखाली हा खेळ चालायचा. कुणी उत्तर आणलं की नाना आधी विचारायचे, "ते ऱ्हाऊ दे. चहा दिला का?" दिला नसेल तर गुण अर्धे. "चहा नही म्हणजे तू उभ्या उभ्या विचारीसन पळी उना. जा परत."

एक नियम ते फार गंभीरपणे पाळायचे. पत्त्यावरचं माणूस वारलं की तेराव्याच्या आत तो पत्ता बाहेर काढायचा. ज्यानं त्या माणसाकडून त्या प्रश्नाचं उत्तर नीट शिकून घेतलं असेल त्यानं मूळ नावाखाली आपलं नाव लिहायचं. वरचं नाव खोडायचं नाही. जनाअक्का गेल्या तेव्हा त्यांच्या नावाखाली मी माझं नाव लिहिलं. मी आठवीत होते. इतकं मोठं काम मला त्याआधी कुणी दिलं नव्हतं.

पुढे मी जळगावला शिक्षिका झाले, पण सुट्टी लागली की शिरपूर गाठायची. नाना आणि मी नवे पत्ते जमवत फिरायचो. रशीदचाचांकडे आम्ही असेच गेलो. ते पिंजारी, गाद्या भरायचे. प्रश्न होता, जुना कापूस आणि नवा कापूस डोळे मिटून कसा ओळखायचा? चाचांनी मला डोळे मिटायला लावले आणि एकेका तळव्यावर कापूस ठेवला. "बोलना नको, बेटी. नुसतं धर." बराच वेळ गेला. मग मला कळलं. काय कळलं ते आजही लिहून सांगता येणार नाही.

चाचांनी पत्त्यामागे आपलं नाव लिहिलेलं पाहिलं आणि त्यावरून बोट फिरवलं. "नाना, हे कधी छापून येईल का हो? माझं नाव दुकानाच्या पाटीवर पण नाही. पाटी अब्बांच्या नावाची."

नानांनी तो पत्ता छातीशी धरला. "चाचा, छापलं तर तुमच्या नावासकट छापीन. नाहीतर छापणार नाही." मी शेजारीच उभी होते.

नाना निवृत्त झाले. मग पुण्याच्या एका कंपनीचे लोक पत्ते बघून गेल्याचं कानावर आलं. नानांनी मला काही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही, कारण मला काळजी नव्हती. एक दिवस जळगावच्या माझ्या शाळेत एका मुलीला वाढदिवसाची भेट म्हणून तो आला. चकचकीत डबा, चौकस मुलांसाठी प्रश्नांचे पत्ते. मी पहिला पत्ता काढला. कळणा म्हणजे काय? उलटला. ज्वारी व उडीद यांचे मिश्र पीठ. मी सगळे पत्ते उलटून पाहिले. प्रत्येकामागे उत्तर होतं. माणूस कुठेच नव्हतं. जनाअक्का नव्हत्या, त्यांच्याशी भांडलेली शेजारीण नव्हती, चाचा नव्हते. डब्याच्या झाकणावर मात्र एक नाव होतं. नानांचं.

त्या रविवारी मी शिरपूरला गेले. नाना झोपाळ्यावर बसले होते. डबा पाहिला आणि त्यांनी पाय टेकवून झोपाळा थांबवला.

"कंपनीवाले म्हणाले, नावांना जागा नाही. मुंबई-पुण्याची पोरं जनाअक्काला कुठं शोधतील? त्यांना उत्तर लागतं."

"तुमच्या नावाला जागा झाली, नाना."

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. मग म्हणाले, "एकदा छापलेलं बघायचं होतं, पोरी." आणि आत हाक मारली, "हिच्यासाठी चहा टाका."

मी चहा न घेता निघाले.

वाटेत चाचांचं दुकान. त्यांनीच हाक मारली. नातवानं फोनवरून तो डबा मागवला होता. चाचांनी पत्ते गादीवर ओळीनं मांडून ठेवले होते, काही सुलटे, काही उलटे. "बेटी, सगळे पत्ते देखे मी. माझा सवाल शे, नाव नाही. नावं दुसऱ्या डब्यात येणार का?"

मी म्हटलं, "बघते, चाचा."

त्यानंतरही मी नानांकडे जात राहिले. पिकाबद्दल, पाण्याबद्दल, गुडघ्यांबद्दल बोललो. पत्त्यांचा विषय मी काढला नाही आणि त्यांनीही काढला नाही. मला राहून राहून वाटायचं की ते स्वतःहून एकदा चाचांकडे जातील. ते गेले नाहीत. दुकानावरून जावं लागू नये म्हणून ते बाजाराला मागच्या रस्त्यानं जायचे, हे मला त्यांच्या सुनेनं सांगितलं, तेही नानांच्या दहाव्याला.

त्याच दिवशी तिनं माझ्या हातात शेवेचा जुना पत्र्याचा डबा दिला. "नानांनी तुम्हालाच द्यायला सांगितलं होतं." आत साड्यांच्या पुठ्ठ्याचे सगळे पत्ते होते. कोपरे गोल, निळी शाई, मागे नावं.

मी तो डबा घेऊन सरळ दुकानात गेले. चाचांना आता नीट दिसत नाही. त्यांनी पत्ते चाचपले आणि नातवाला एकेक वाचायला लावले. त्यांचं नाव आलं तेव्हा त्यांनी हात वर करून त्याला थांबवलं. पत्ता हातात घेतला, अक्षरांवरून बोट फिरवलं आणि माझ्याकडे वळून हसले.

"मी म्हटलं होतं ना? दुसरा डबा शे. नाना दिलेला शब्द मोडणारे नव्हते."

मी पुढचा पत्ता नातवाच्या हातात दिला.

नातू पुढे वाचत होता. एका पत्त्याशी तो अडखळला. पत्त्याच्या मागे उत्तर का लिहायचं नाही? उलटला तर नानांचं नाव.

"हे त्यांच्याकडून तूच शिकलीस," चाचा म्हणाले. "तेरावा व्हायचा शे अजून. खाली तुझं नाव टाक, बेटी."

मी पत्ता हातात घेतला. नानांच्या नावाखाली पुष्कळ जागा होती. मी चाचांना सांगितलं, आत्ता पेन नाही. पेन पर्समध्येच होतं.