घुंगरांच्या भरवशावर

दोन मुलं वाढवून झाली तेव्हा वाटलं होतं, चला, सुटले. पण मुलगा रोह्याला कंपनीत शिफ्टवर, सून पेणला रामवाडीत कापडाच्या दुकानात, आणि त्यांची तीन वर्षांची लेक दिवसभर माझ्या गळ्यात. नात गोड आहे, वाद नाही. पण गोड पोरीच्या मागेही धावावंच लागतं, आणि माझे गुडघे आता धावायचं नाव काढत नाहीत. खरं सांगते, मी थकले आहे.

त्यात आमचं घर जोह्याचं, घरोघरी गणपती घडवणाऱ्या गावातलं. पुढे पडवीत मूर्ती, मागे परस. मी गणपतीचे डोळे आखते. एकदा कुंचला टेकवला की रेघ संपेपर्यंत मान वर करायची नाही, नाहीतर देव चकणा होतो. म्हणजे पोर डोळ्यांनी राखायची सोयच नाही, कानांनी राखायची.

म्हणून मी तिच्या पायात काळ्या दोऱ्यात ओवलेले घुंगरू घातले. आवाज शेवग्याखाली आहे की जास्वंदीपाशी, ते मला बसल्या जागी कळायचं. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी ही युक्ती कौतुकाने सांगायची. परसातली कण्हेर मुळासकट काढून टाकली होती, थिनरच्या बाटल्या माळ्यावर चढवल्या होत्या, कोयता उंच खुंटीला होता. राहिली होती ती फक्त शाडू भिजवायची सिमेंटची टाकी. तिला झाकण करा, असं सुनेने दोनदा सांगितलं होतं. माझी दोन पोरं याच टाकीभोवती वाढली, त्यांना कुठे काय झालं, असं म्हणून मी तिला गप्प केलं.

आषाढातली दुपार होती, कामाची नुसती घाई. जेवल्यावर डोळे मिटत होते. एका मोठ्या मूर्तीचा डावा डोळा झाला, उजवा घेतला. घुंगरू शेवग्याखाली वाजत होते, टाकीपासून लांब. मला इतकं बरं वाटलं की मी ती रेघ सावकाश, मन लावून ओढू लागले. मग घुंगरू पडवीत आले, माझ्या पाठीमागे आले. जा गो, बाहेर खेळ, असं मी मान खाली ठेवूनच म्हटलं. तेवढ्यात पायाला काहीतरी मऊ लागलं. पाहिलं तर मांजराचं पिल्लू. पोरीच्या पायातून निसटलेला दोरा गाठीसकट त्याच्या गळ्यात होता.

कुंचला कुठे टाकला ते आठवत नाही. नात टाकीच्या काठावर पोटावर आडवी झाली होती. पाय जमिनीवरून सुटलेले, दोन्ही हात कोपरापर्यंत खाली, केसांची टोकं पाण्यात. मी फ्रॉक धरून मागे खेचलं आणि आम्ही दोघी चिखलात पडलो.

"माऊला गनपती करतेय," ती म्हणाली. मुठीत शाडू होता.

मी तिला एक धपाटा घातला आणि तिच्याआधी मीच रडले.

संध्याकाळपर्यंत पोरीची अंघोळ झाली होती, फ्रॉक धुऊन दोरीवर होता. लपवायचं म्हटलं असतं तर लपलं असतं. पण सून आली, पडवीत एकाच डोळ्याची मूर्ती बघून थांबली, आणि काय झालं म्हणून विचारलं. मी सगळं सांगितलं, झाकणाचंसुद्धा. सांगता सांगता जे मलाही ठाऊक नव्हतं ते तोंडातून निघालं.

"घुंगरू पोरीसाठी नव्हतं गो बांधलं. माजी मान वर करायला लागू नाय म्हनून बांधलं व्हतं."

ती आता बोलेल, असं वाटलं. बोलायला हवंच होतं. मी तयारीनेच बसले होते. ती पिशवी खांद्यावरून न उतरवताच माझ्याजवळ टेकली.

"तुमी दमलाव ते मला कवापासून दिसत व्हतं, आई," ती म्हणाली. "दिसलं असं म्हटलं, तर दुकान सोडायला लागलं असतं. म्हनून मी पन बघतच नव्हते."

समोर नात पिल्लाच्या गळ्यातला दोरा काढत बसली होती. गाठ तिला सुटत नव्हती. दिवा लावायची वेळ झाली होती, तरी आम्ही दोघी उठलो नाही. तिच्याकडे बघत बसलो.