पार्किंगपर्यंतचा समुद्र

माझा मामा एकतीस वर्षं टूरची बस चालवत होता. सगळा किनारा पायाखालचा आहे, असं तो सांगे. फक्त ते पाय कायम क्लचवर आणि ब्रेकवर असत, हे आमच्या कधी लक्षात आलं नाही. समुद्राकाठची जुनी शहरं, बंदरं, पुळणी त्याने किती माणसांना दाखवून आणल्या याची गणती नाही. आमच्या घरातलं मात्र कोणीच तिकडे गेलं नव्हतं. लोकांना सुट्टी असे तेव्हा मामाला नसे, आणि मामाला असे तेव्हा त्याला गाडीचं तोंडही बघायचं नसे.

तरी आम्हाला सगळं पाठ होतं, कारण मामा जेवताना सांगायचा. किल्ल्याच्या बुरुजावर वारा एवढा की डोक्यावरचं धरून चालावं लागतं. जुन्या बंदरातल्या गल्ल्या इतक्या अरुंद की समोरासमोरच्या खिडक्यांतून बायका एकमेकींना मीठ देतात. मामी वाढता वाढता हात थांबवून ऐकायची. मी त्या गोष्टी शाळेत तिखटमीठ लावून खपवायची.

मामा निवृत्त झाला त्या दिवशी मामी म्हणाली, "मला ते सगळं बघायचंय. तुमच्याबरोबर." तिने आयुष्यात दुसरं काही मागितल्याचं मला आठवत नाही. मामा म्हणाला, "हो, बघू." त्या 'बघू'ला दीड वर्ष लागलं. शेवटी मीच माझी गाडी काढली, मामाला स्टेअरिंगवर बसवलं, मामीला त्याच्या शेजारी, आणि आम्ही तीन दिवसांसाठी निघालो.

पहिल्या शहरात मामाने गाडी एका झटक्यात अशी लावली की बघत राहावं. "या भिंतीलगतची जागा सोडायची नाही," तो म्हणाला. "चारपर्यंत सावली असते. पलीकडे लावली की पक्षी काच रंगवून ठेवतात. आणि निघताना उजवीकडून निघायचं, डावीकडे चढाला ट्रक अडकतात." तिथल्या रखवालदाराने त्याला सलाम ठोकला. मामीचा चेहरा फुलला. मग मामा म्हणाला, "जा, बघून या. मी आहे गाडीपाशी."

आम्ही दोघी गेलो. बुरुजावर मामीने डोक्यावरचा रुमाल घट्ट धरून ठेवला. वारा नावालाही नव्हता.

दुपारी पुळणीवर तेच, दुसऱ्या दिवशीच्या शहरात तेच. सावली, पाण्याचा नळ, बस वळवायला पुरेल एवढी जागा, यांची माहिती खडान्‌खडा, आणि मग "मी आहे गाडीपाशी." माझं डोकं फिरलं. "गाडी काय पळून जाणार आहे?" मी म्हटलं. "गाडी सोडून जायचं नसतं," तो माझ्यावरच खेकसला.  त्या संध्याकाळी समुद्राकडे पाठ करून मामी वाळूत बसली आणि पार्किंगच्या दिशेला बघत राहिली. मला मामाचा राग आला, तो अजून पूर्ण गेलेला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही जुन्या बंदरावर पोचलो. हे शेवटचं ठिकाण, इथून परत घरी. मामाने गाडी लावली. मी उतरले. मामीने पट्टाच सोडला नाही.

"तू जाऊन ये गं," ती मला म्हणाली. "मी आहे गाडीपाशी."

"अगं, एवढ्या लांब आलीस ती सीटवर बसायला?" मामा म्हणाला.

"तुम्ही एकतीस वर्षं बसलात. मी एक दिवस बसते. निदान बरोबर तरी बसू."

मामाने स्टेअरिंग घट्ट धरलं. मग समोरच्या काचेकडे बघत म्हणाला, "मला इथून पुढचं काही माहीत नाही."

मी हसले. तो हसला नाही.

"बस सोडायची नाही, असा नियम होता. लोक परत येताना बोलायचे, ते ऐकायचो. वाऱ्याचं कोणीतरी म्हणालं होतं. मिठाचं एक बाई फोनवर सांगत होती. मी कधी उतरलोच नाही."

"मग आता उतर की! आता कुठला नियम?" मी म्हटलं.

"आणि हिच्यासमोर दहा जणांना रस्ता विचारत फिरू? हिला वाटतं, मला सगळं माहीत आहे."

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मी तोंड उघडणार, तेवढ्यात मामी हळूच म्हणाली, "एवढंच होय? मला वाटलं, इतक्यांदा बघून झालंय तुमचं, आता माझ्याबरोबर बघायचा कंटाळा आलाय. दोन दिवस मला वाटतंय, मी उगीचच मागितलं."

मामाने तिच्याकडे पाहिलं. त्याचे डोळे भरून आले होते, आणि ते लपवायचं त्याला सुचलं नाही. मामीने हात लांब करून गाडीची किल्ली काढली आणि खिडकीतून माझ्या हातात ठेवली. "ही बसेल गाडीपाशी," ती म्हणाली. गाडी माझी, पेट्रोल माझं, आणि रखवालदारही मीच!

बसले. ती दोघं उतरून चालू लागली. वेशीपाशी रस्ता तीन गल्ल्यांत फुटत होता. तिथे मामा अडखळला, वळून गाडीकडे बघू लागला. मी हातानेच 'जा' म्हटलं. मग तो टोप्या विकणाऱ्या एका बाईपाशी गेला. काय विचारलं ते ऐकू आलं नाही, पण विचारत होता खरा. ती बाई हात करकरून डावीकडची गल्ली दाखवत होती, आणि मामा मान डोलावत होता. मामी त्याच्या शेजारी उभी राहून तितकंच मन लावून ऐकत होती.

मग दोघंही बोलत बोलत उजवीकडच्या गल्लीत शिरली. मी हॉर्न वाजवला नाही.