तात्यांचा खोकला

आमच्या गावच्या दूध सोसायटीत तात्या दूध मोजतात. प्रत्येकाआधी माप विसळून, उलटं धरून दाखवतात. बीपीची गोळी बदलली आणि त्यांना कोरडा खोकला लागला. बायका तोंडाला पदर लावून किटल्या लांबूनच सरकवू लागल्या. "टीबी हाय वाटतं," गावात कुजबुज सुरू झाली.

गोळ्या माझ्याच औषधाच्या दुकानातून जायच्या. मी म्हणालो, "तात्या, हा खोकला गोळीचा. केजच्या डॉक्टरांना सांगा, दुसरी देतील. पण तोवर ही बंद करू नका."

"तवर लोकांनी दूध घालणं बंद केलं तर? या दुष्काळात सोसायटीबिगर दुसरं हाय काय गावात?" ते माप विसळतच म्हणाले.

पंधरवड्यात खोकला थांबला. किटल्या पुन्हा जवळ आल्या. तात्या केजला गेले नाहीत, माझ्याकडं गोळ्या न्यायलाही आले नाहीत.

रोज सकाळी रांगेत उभा राहून मी त्यांच्या खोकल्याची वाट बघतो.