पारशिवनीला जाताना चाकू न्यावा का?

आम्ही शनिवारी सकाळी निघणार होतो आणि पल्लवीचं पार्सल शुक्रवारी संध्याकाळी आलं. आत चाकू होता. घडीचा, दातेरी पात्याचा, मुठीत होकायंत्र बसवलेला. जाड प्लास्टिकच्या पाकिटात तो एखाद्या पदकासारखा चमकत होता.

"मनूताई, पाह्य! जंगलात याच्याशिवाय माणूस म्हणजे काहीच नाही."

"आपण पारशिवनीकडे चाललोय," मी म्हटलं. "तिकडे माणसं राहतात."

पल्लवी माझी मावसबहीण, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. मी मौद्याला वीज प्लांटवर मोजमापाची यंत्रं सांभाळते. ज्या अवजाराचं काम ठरलेलं नाही, ते मी किटमध्ये ठेवत नाही. पल्लवी आधी अवजार घेते आणि मग त्याला काम शोधते. तिला मे महिन्यात हिमाचलला मोठ्या ट्रेकला जायचं होतं आणि तिच्या बाबांची एकच अट होती: मनू सोबत असेल तरच. मनू नाही म्हणत होती. कारण विचारू नका, मी ते तिलाही सांगितलं नव्हतं.

"पैज लावू," ती म्हणाली. "या दोन दिवसांत एकदा जरी चाकूवाचून अडलं, तर तू हिमाचलला येशील. नाही अडलं, तर मी पुन्हा नाव काढणार नाही."

मी शब्द पक्के करून घेतले. अडलं म्हणजे हाताशी असलेल्या दुसऱ्या कोणत्याही वस्तूनं काम झालं नाही. तिनं मान डोलावली.

नागपूरच्या धरमपेठेतून सूर्य उगवायच्या आत निघालात, तर कामठीची गर्दी चुकते. डिसेंबरात हातमोजे हवेतच. बाइक मी चालवत होते. कन्हानला तर्री पोहे खाल्ले. तर्री इतकी तिखट होती की पल्लवी डोळे पुसत पुसत दुसरी प्लेट मागत होती. पुढे मोठा रस्ता उत्तम आहे. आमडी फाट्याला डावीकडे वळलं की रस्ता अरुंद होतो, पण खड्डे फारसे नाहीत. फाट्यावर संत्री घेतली. पल्लवीनं आशेनं पिशवीकडे हात नेला. तोवर मी संत्रं सोलून तिच्या हातात ठेवलं होतं.

पारशिवनीच्या अलीकडे बाइकला हिसका बसला. माझ्या स्कार्फचं टोक मागच्या चाकात गेलं होतं. मी गळ्याला गाठ मारत नाही, त्यामुळे तो नुसता ओढला गेला. नागपूरच्या मुलींनो, तेवढं ऐका.

"चाकू!" पल्लवी अशी ओरडली की रस्त्याकडेच्या बकऱ्या पळाल्या. "आता तर कापावंच लागते!"

मी बाइक मेन स्टँडवर घेतली, न्यूट्रल केली आणि चाक हळूहळू उलटं फिरवलं. स्कार्फ जसा गेला होता तसाच परत आला, फक्त ग्रीसचा एक पट्टा घेऊन.

"कापला असता तर दोन सेकंदांचं काम होतं."

"स्कार्फ माझा आहे."

ती जी हसायला लागली, ती मुक्कामाच्या गावापर्यंत. तिचं हेल्मेट माझ्या हेल्मेटवर सारखं टकटकत होतं.

मुक्काम शोभाकाकूंच्या शेतातल्या घरी. दोन खोल्या पाहुण्यांसाठी आहेत, जेवण धरून माणशी नऊशे रुपये, आणि आधी फोन करणं आवश्यक. संध्याकाळी अंगणात रोडग्यांचा बेत होता. कणकेचे हे जाड गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजतात, राख झटकतात आणि तुपात चुरतात. सोबत वांग्याची भाजी. पल्लवी वांग्यांवर डोळा ठेवून होती. ती चाकू आणायला उठली, तर काकूंनी पावशीवर, म्हणजे आपल्या विळीवर, अर्धी टोपली चिरलीही होती.

"तू काय शोधून राहिली वं?"

"चाकू, काकू. मदत करतो म्हटलं."

"बस तिथंच. मले गप्पा मारणारं माणूस पाहिजे, कापणारं नाही."

मी चार रोडगे खाल्ले. हे मी एरवी लिहिलं नसतं.

रविवारी सकाळी काकूंनी निघताना एक पिकलेली अख्खी पपई दिली. आम्ही नवेगाव खैरीच्या धरणाचं पाणी पाहायला गेलो. काठावर चिटपाखरू नव्हतं. पाणी काचेसारखं, पलीकडे निळा डोंगर. पपई मध्ये ठेवून आम्ही दोघी बसलो. पल्लवीनं माझ्याकडे पाहिलं. तिनं गंभीरपणे पिशवीतून चाकू काढला.

तो अजून पाकिटात होता.

"फोडलं की परत घेत नाहीत ना," ती म्हणाली. "म्हणून ठेवलं होतं."

ते पाकीट चारही बाजूंनी वितळवून चिकटवलेलं होतं. पल्लवीनं नखं लावली, मग दात. मी बाइकची किल्ली घातली, ती घसरली. टूलकिटमधला स्क्रू ड्रायव्हर प्लास्टिकवर नुसता पांढरा ओरखडा काढत होता. नेलकटर कड धरेना. पान्यानं धरून पिळलं, तर पाकीट वाकलं आणि पुन्हा सरळ झालं. आत चाकू अगदी सुखरूप.

"हे फाडायले काय पाहिजे माहीत आहे का?" पल्लवी म्हणाली.

मला माहीत होतं. मी ओठ दाबून धरले. मग तिनं पाकीट उचलून स्क्रू ड्रायव्हर पुन्हा असा जोरात मारला की तो निसटला, तिचं कोपर पपईला लागलं, पपई उतारावरून घरंगळत गेली आणि खालच्या दगडावर आपटून तिच्या बरोबर दोन फाका झाल्या. मी हसायला लागले ते थांबताच येईना. पोट दुखलं, डोळ्यांतून पाणी आलं, मी मातीत आडवी झाले. शेवटचं असं कधी हसले होते, आठवत नाही. पपई आम्ही बोटांनी खाल्ली. एवढी गोड मी कधीच खाल्ली नव्हती.

"मी हरली," बिया थुंकत पल्लवी म्हणाली. "चाकूवाचून पपई खाल्ली. आता हिमाचलचं नाव नाही काढत."

परतीच्या रस्त्यावर तिचं हेल्मेट एकदाही टकटकलं नाही. मला ते आवडलं नाही.

ती पिशवी माझ्याकडेच विसरून गेली. रात्री आईनं स्वयंपाकघरातल्या कात्रीनं ते पाकीट एका झटक्यात उघडलं आणि विचारलं, "एवढ्याशा कामाले तुम्ही दोघी काहून रडल्या?"

मी पैजेचे शब्द पुन्हा तपासले आणि पल्लवीला फोन लावला.

"पपईसाठी अडलं नाही. स्कार्फसाठी अडलं नाही. पण पाकिटासाठी अडलं. किल्ली, दात, स्क्रू ड्रायव्हर, पाना, सगळं करून पाहिलं. हाताशी असलेल्या कशानंही झालं नाही. तिथे एकच वस्तू लागत होती आणि ती आत होती. तू जिंकलीस."

पलीकडून इतकी मोठी किंकाळी आली की मी फोन कानापासून दूर धरला.

"ताई! खरं सांग, तुले यायचंच होतं ना?"

"मी फक्त निकाल सांगितला."

तर, चाकू न्यावा का? फळं कापायचा एक लहानसा पुरे. जंगल सफारी करणार असाल, तर फाटकावर आत नेऊ देतात का ते आधी विचारून घ्या. आणि काहीही नेलं तरी घरीच पाकिटाबाहेर काढून न्या.

होकायंत्रवाला चाकू आईनं ठेवून घेतलाय, ती त्यानं दुधाच्या पिशव्या फोडते. मी सोमवारी मे महिन्याच्या रजेचा अर्ज दिला. साहेबांनी कारण विचारलं. मी म्हटलं, पैज हरले. आणि तिथेच, कंट्रोल रूमच्या दारात, मला पुन्हा हसू फुटलं.