मामाच्या हातचा कडू घास

"तुम्ही फक्त त्याला खायला लावा," जेलरसाहेब म्हणाले. "बाकीचं आम्ही बघतो."

मी तुरुंगात मानसशास्त्रज्ञ आहे. कुठल्या तुरुंगात ते सांगत नाही. जळगाव-धुळे रस्त्यानं एसटीतून जा-ये करते एवढं पुरे. नोकरी अजून करायची आहे. नोकरी कंत्राटी असली तरी एम.ए.ची डिग्री माझी स्वतःची आहे. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. आई-वडील सावद्याकडे केळीच्या बागांत कामाला जायचे आणि हे सांगताना मी मान खाली घालत नाही. इथे मात्र माझ्या शिक्षणाचा अर्थ एवढाच लावतात, की कैदी रडला तर त्याला गप्प करायचं आणि गप्प बसला तर बोलता करायचं. सायकल पंक्चरवाल्याकडे ढकलावी तसा माणूस माझ्या टेबलाकडे ढकलतात आणि संध्याकाळी विचारतात, "झाला का?"

हा जेवत नव्हता. तिशीतला, सावद्याजवळच्याच खेड्यातला, मारामारीच्या केसमध्ये आत आलेला. कच्चा कैदी, म्हणजे खटला अजून उभाच राहिलेला नव्हता. त्याचे वडील वारले. कोर्टानं अंत्यविधीला जायची परवानगी दिली होती, पण सोबत न्यायला पोलीस मिळाले नाहीत, म्हणून त्याला जाता आलं नाही. त्या दिवसापासून पाण्याशिवाय त्याच्या पोटात काही नव्हतं. ऑफिसनं ठरवून टाकलं की हे उपोषण आहे. आणि शिक्षा म्हणून त्याची मुलाखत, म्हणजे घरच्यांची भेट, बंद केली. बाप मेलेल्या माणसाची!

त्याला माझ्यासमोर बसवलं, तेव्हा धुळ्याकडचा एक शिपाई दाराशी खुर्ची टाकून बसला.

"मॅडम, बठ्ठं नाटक शे," तो म्हणाला.

"असू द्या सगळं नाटक. मला एकटीला बघू द्या. तुम्ही बाहेर बसा, भाऊ."

तो हसत उठला, पण उठला.

कैद्याचे ओठ फुटलेले होते. मी आमच्या बाजूच्या बोलीतच विचारलं, "भूक नाही लागत का तुले?"

त्यानं पहिल्यांदा वर पाहिलं. "लागते ना ताई. खोटं कशाले बोलू? पन घास कोनं दिला मले? आठी या जेलात माहा सोयरा कोन हाय?"

मला पुढचं विचारावंच लागलं नाही. आमच्याकडे घरात माणूस गेलं की चूल पेटत नाही. सोयरे भाकरी घेऊन येतात. कडुलिंबाचा पाला तोंडाला लावायचा, मग सोयऱ्यानं आपल्या हातानं घास भरवायचा. तो कडू घास. तो पोटात गेला की माणूस परत जेवायला लागतो, कामाला लागतो. मेलेल्याच्या मुलानं आपल्याच हातानं ताट पुढे ओढून जेवायचं नसतं. हा बिचारा बराकीत बसून सोयऱ्याची वाट बघत होता, आणि सोयऱ्याला, त्याच्या मामाला, गेटवरून परत पाठवत होते, कारण हा जेवत नव्हता.

मी तडक जेलरसाहेबांकडे गेले.

"त्याच्या मामाला बोलवा. एक घास भरवू द्या. तो जेवेल."

"मॅडम, हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय?"

"पुस्तकात नाही. माझ्या घरात आहे. तुमच्याही असेल, आठवून बघा."

"कौन्सिलिंग करा हो तुम्ही. देवधर्म कशाला काढता?"

"हेच माझं कौन्सिलिंग आहे. नको असेल तर लिहून द्या, की मानसशास्त्रज्ञानं उपाय सांगितला आणि तुरुंगानं नाकारला. उद्या तो कोसळला तर कामाला येईल."

लिहून द्यायला कोणीच तयार नसतं. त्यांनी परवानगी दिली, पण बाहेरचं अन्न आत येणार नाही, या अटीवर. ठीक आहे म्हटलं. आतल्याच स्वयंपाकघरातली पोळी घेतली. कडुलिंब अंगणातच उभा होता.

दुसऱ्या दिवशी मामा आले. वाकलेले, डोक्याला पांढरं फडकं बांधलेले. भेटीच्या खोलीतल्या जाळीतून हात जाईना, म्हणून दोन शिपायांच्या मध्ये बाजूचं लहान दार उघडलं. मामांनी पाला त्याच्या ओठाला लावला, पोळीचा तुकडा मोडला.

"घे बापू. तुहा बाप चांगला गेला. काही तरास नाही झाला त्याले. घे."

त्यानं तोंड उघडलं. चावता चावता तो रडायला लागला, आणि मामा एकसारखे म्हणत राहिले, "चाव पह्यले. मंग रडजो." त्या दुपारी त्यानं अख्खं ताट संपवलं.

इथवर सांगितलं की लोकांना वाटतं गोष्ट चांगली झाली. झाली नाही. ऑफिसनं वर कळवलं, 'समुपदेशनानंतर कैद्याने उपोषण मागे घेतले.' मी म्हटलं, उपोषण नव्हतंच, दुखवटा होता. तसं लिहा आणि मुलाखत सुरू करा. साहेब म्हणाले, "जेवला ना तो? मग नाटकच होतं. शिक्षा पूर्ण होऊ द्या." म्हणजे उपाशी राहिला तर हट्टी, आणि जेवला तर नाटकी. या दोन शब्दांच्या बाहेर माणूस असतो हे यांना कोण शिकवणार? मला तर यांना नव्हे, फक्त कैद्यांना सुधारायचा पगार आहे.

मी माझं म्हणणं लेखी दिलं. ते टेबलावर पडून राहिलं. पुढच्या भेटीच्या दिवशी मामा सावद्याहून पुन्हा आले, आणि त्यांना गेटवरून परत पाठवलं. मी बसमधून उतरले तेव्हा ते रस्त्याच्या पलीकडे, उन्हात, परतीच्या गाडीची वाट बघत होते. मला पाहून त्यांनी हात जोडले. मी काय करायला हवं होतं? मीही जोडले.

आत जाऊन त्याला सांगायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. तो ताट घेऊन बसला होता.

"मामा आले होते. आत सोडलं नाही त्यांना," मी म्हणाले.

त्याचा हात थांबला. मला वाटलं, झालं, आता हा पुन्हा उपाशी राहणार. त्यानं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"ताई, तुम्ही नका संतापू," तो म्हणाला. "मी खातो. पाहा, खातोय." आणि माझ्यासाठी, मला बरं वाटावं म्हणून, त्यानं भराभर दोन घास तोंडात कोंबले.

मी तिथून उठून सरळ जेलरसाहेबांच्या दारात जाऊन उभी राहिले. "माझा कागद टेबलावर पडून आहे, त्यावर हो की नाही ते आजच लिहून द्या," मी म्हणाले.