साहेब केलेला माणूस

मंडळी, बढती मिळाल्यावर तोंड पाडून बसलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. जालन्याच्या एमआयडीसीतल्या चहाच्या टपरीवर तो रोज भेटायचा. नाव मी कधी विचारलं नाही. सळईच्या मिलमध्ये तो लालभडक लोखंड चिमट्यानं धरायचा, त्यामुळे चहाचा कपसुद्धा हात लांब करून, अंग मागे ओढून उचलायचा. मिलमध्ये युनियन उभी केली ती त्यानंच.

एके सकाळी स्वारी इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात हजर! मालकानं त्याला सुपरवायझर केलं होतं. मी टाळी वाजवून ओरडलो, "पेढे काढा, साहेब!"

तो हसला नाही. "युनियन केली म्हणून काढता येत न्हाई, हे वकिलानं मालकाला बराबर सांगितलं. मंग मला वर चढवलं. सुपरवायझर म्हंजे कायद्यानं आता मी कामगारच न्हाई, युनियनमधी ऱ्हाता येत न्हाई."

"मग जा की कोर्टात!"

"जाईन. फूट पाडायला बढती देणं बी कायद्याला चालत न्हाई. पण साक्षीला पोरं पाहिजेत ना. मला काढलं असतं तर सगळे गेटवर बसले असते. साहेबासाठी कोण बसतं, भाऊ?"

तेवढ्यात रातपाळी सुटली आणि त्याचे चार सोबती टपरीवर आले. एरवी ते त्याच्या खांद्यावर हात टाकून बसायचे. आज एकानं गळ्यातल्या रुमालानं बाकडं पुसलं.

"बसा साहेब. आम्ही कामगार माणसं, तिकडं उभं राहतो."

चौघंही कप घेऊन रस्त्यापलीकडे गेले. पुसलेल्या बाकड्यासमोर तो उभाच राहिला.